गिटार परत सुरात येते का? एका पेपरचं वाचन आणि एक फसलेली दुपार

पेट निघाली, गाइड मिळाले, कोर्सवर्क सुरू झालं आणि रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला सांगितलं गेलं, ‘एका पेपरचा क्रिटिकल रिव्ह्यू लिहून आणा.’ इथपर्यंत पोचलेल्यांसाठी ही पोस्ट आहे. आपण बहुतेक जण काय करतो ते मला माहीत आहे, कारण मीही तेच केलं होतं. पेपरचा सारांश दोन पानं, मग ‘लेखकाने विषयाची सखोल मांडणी केली आहे’ असं एक वाक्य, आणि शेवटी ‘सॅम्पल साइज अजून मोठा हवा होता’ असं दुसरं. मार्क मिळतात. पण याला परीक्षण म्हणत नाहीत.

म्हणून आज मी एक पेपर घेतो आणि तुमच्यासमोरच वाचतो. मुद्दाम माझ्या विषयाबाहेरचा. मी मेटल ऑक्साइडच्या गॅस सेन्सरवर काम करतो आणि हा पेपर इलेक्ट्रिक गिटारवर आहे. स्वतःच्या विषयातला पेपर वाचताना आपण लेखकाच्या नावाला घाबरतो. परक्या विषयात ती भीती नसते, फक्त प्रश्न विचारायचे असतात.

गिटार कुठून आली ते आधी सांगतो. माझा चुलतभाऊ दारव्हा तालुक्यातला, यवतमाळला शिकतो. दोन वर्षांपूर्वी काकांनी कापूस विकल्यावर त्याला नागपूरहून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. स्ट्रॅटोकास्टरची नक्कल, ट्रेमोलोची दांडी असलेली. ती दांडी दाबली की सगळ्या तारा एकदम सैल होऊन सूर खाली घसरतो, ओढली की वर चढतो, सोडली की परत जागेवर यायला हवा. तो येत नाही, एवढीच कहाणी. एप्रिलमध्ये मी घरी गेलो तर हा तोंड पाडून बसलेला. म्हणाला, ‘दादा, दांडी दाबली का गिटार बेसूर होऊन रायली. नवे पेग टाकले, तरी तेच. बाबा म्हणतात विकून टाक.’ नव्या पेगांवर त्याने दीड हजार घातले होते. काकांना हे दीड हजार अजून माहीत नव्हते.

मी गिटार वाजवत नाही. मला येतं ते एकच, पेपर शोधणं. आणि पेपर सापडला.

डेव्हिड रॉबर्ट ग्राइम्स यांचा ‘स्ट्रिंग थिअरी’ नावाचा पेपर, २०१४, ‘प्लॉस वन’मध्ये. नावात गंमत आहे, पुढे उपशीर्षकात तार ओढण्याचं आणि इलेक्ट्रिक गिटारच्या इतर तंत्रांचं भौतिकशास्त्र असा खुलासा आहे. ग्राइम्स तेव्हा ऑक्सफर्डला होते, आणि त्यांचं मुख्य काम कॅन्सरशी संबंधित भौतिकशास्त्रावर. ‘प्लॉस वन’ खुलं जर्नल आहे, म्हणजे यवतमाळ काय किंवा वणी काय, जिथे कॉलेजच्या लायब्ररीत सबस्क्रिप्शन नाही तिथेही मोबाइलवर पूर्ण वाचता येतो. ही छोटी गोष्ट नाही. अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांतल्या किती जणांचं लिटरेचर सर्व्हे फक्त ॲबस्ट्रॅक्टवर उभं असतं ते आपल्याला ठाऊक आहे.

आता ॲबस्ट्रॅक्टच नीट वाचू, कारण इथेच बरेच जण घसरतात. लेखक म्हणतो की कंप पावणाऱ्या तारेचा अभ्यास भरपूर झालेला आहे, पण इलेक्ट्रिक गिटारच्या खास तंत्रांवर ‘तुलनेने कमी’ काम झालं आहे. हे ‘तुलनेने’ लक्षात ठेवा. आपल्या सिनॉप्सिसमध्ये आपण बेधडक लिहितो, ‘या विषयावर आजवर कोणीही काम केलेलं नाही.’ व्हायव्हात समोर बसलेल्या माणसाने तेच काम १९९८ मध्ये केलेलं असतं. ग्राइम्सचं वाक्य टिकतं, आपलं टिकत नाही.

पुढचं वाक्य अजून महत्त्वाचं. तार बोटाने आडवी ओढण्याचं मॉडेल वेगवेगळ्या तारा घेऊन प्रयोगाने पडताळलं आहे. व्हायब्रॅटोचं सिम्युलेशन केलं आहे. ट्रेमोलोच्या दांडीचं मॉडेल मांडलं आहे. तीन वेगवेगळी क्रियापदं, तीन वेगवेगळे दर्जे. लेखकाने काहीच लपवलेलं नाही. पण हा पेपर साइट करणारा विद्यार्थी हमखास लिहितो, ‘ग्राइम्स यांनी ट्रेमोलोचे भौतिकशास्त्र प्रयोगाने सिद्ध केले.’ नाही केलं. तार ओढण्यापुरतं पडताळलं. पेपर वाचताना पेन्सिलीने प्रत्येक दाव्याखाली लिहा: मोजलं, की काढलं, की धरलं.

पेपरमधली चांगली गोष्ट कोणती? आपल्याला बारावीपासून पाठ असलेलं सूत्र म्हणजे तारेची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. मर्सेनचा नियम. पण या सूत्रात ताण हा बाहेरून दिलेला आकडा असतो. गिटार वाजवणारा ताण देत नाही, तो लांबी बदलतो. बोटाने तार बाजूला ढकलली की ती किंचित लांब होते, आणि त्या लांबण्यातून ताण किती वाढेल हे तारेच्या धातूवर ठरतं, म्हणजे यंग्ज मॉड्यूलस आणि छेदाचं क्षेत्रफळ. त्यामुळे एकाच सुराला लावलेल्या दोन तारा सारख्याच अंतराने ढकलल्या तरी सारख्या चढत नाहीत. वाजवणाऱ्यांना हे बोटांना माहीत असतं, ग्राइम्सने ते समीकरणात आणलं. हे काम स्वच्छ आहे.

याच वाटेने आपण स्वतः एक आकडा काढू. वही घ्या. इलेक्ट्रिक गिटारची पहिली तार, दहा हजारांश इंच जाडीची, म्हणजे ०.२५४ मिलिमीटर. वाजणारी लांबी ६४८ मिलिमीटर. सूर ३२९.६ हर्ट्झ. पोलादाची घनता ७८५० घेतली तर ताण येतो सुमारे ७३ न्यूटन, म्हणजे साडेसात किलोच्या आसपास वजन टांगल्यासारखं. यंग्ज मॉड्यूलस २०० गिगापास्कल धरला तर या ताणाने तार किती लांबली असेल? साधारण ४.६ मिलिमीटर. म्हणजे अख्खी पहिली तार सैल ते सुरात आणायला साडेचार मिलिमीटरचा खेळ आहे. आता एक सेंट, म्हणजे एका अर्ध्या सुराचा शंभरावा भाग, बदलायला किती लांबी सरकावी लागेल? उत्तर ५ मायक्रॉनच्या थोडं वर. कान तयार असेल तर पाच-सहा सेंटांचा फरक खटकतो. तो होतो २५-३० मायक्रॉनमध्ये. तुमच्या डोक्याचा एक केस याहून जाड आहे.

मी हा आकडा काढला तेव्हा चुलतभावाकडे पाहून हसलो होतो, पण खरं तर गप्प बसायची वेळ होती. अर्ध्या केसाएवढी तार कुठेतरी सरकते आणि परत येत नाही. ती कुठे सरकते हे शोधायचं होतं, आणि पेपर इथे मदत करत नाही.

का नाही, ते पाहा. स्प्रिंग आणि लवचिक तार एवढ्याच गोष्टींचं कोणतंही मॉडेल घ्या, दांडीच्या प्रत्येक जागेला एकच सूर मिळतो. दांडी खाली नेताना जो आलेख, वर आणतानाही तोच. अशा मॉडेलमध्ये गिटार बेसूर होऊच शकत नाही. प्रश्न ‘सूर किती बदलतो’ असा असेल तर हे मॉडेल पुरतं. प्रश्न ‘सूर परत येतो का’ असा असेल तर मॉडेलच्या पायातच त्याचं उत्तर ‘हो’ असं धरलेलं आहे. ही लेखकाची चूक नाही, त्याने तो प्रश्न घेतलेलाच नाही. पण वाजवणाऱ्याला रात्री झोप लागू न देणारा प्रश्न दुसरा आहे, आणि पेपरच्या शीर्षकावरून वाटतं की तोही आत असेल. परीक्षण लिहिताना ‘पेपर अपूर्ण आहे’ असं लिहू नका. ‘पेपर उलट होऊ शकणारी प्रक्रिया गृहीत धरतो, म्हणून परत येण्याच्या प्रश्नाला लागू नाही,’ असं लिहा. पहिलं वाक्य तक्रार आहे.

जाताना एक वाट, येताना दुसरी, याला आपण हिस्टेरेसिस म्हणतो. चुंबकाच्या धड्यात शिकतो आणि तिथेच सोडून देतो. गिटारमध्ये हिस्टेरेसिस आणतं घर्षण, आणि पहिला संशयित आहे नट. नट म्हणजे मानेच्या टोकाची ती खाचांची पट्टी, जिच्यावरून तार वळून पेगकडे जाते. वळणावर घर्षण असेल तर पट्टीच्या दोन्ही बाजूंचा ताण सारखा असायची गरज नाही. किती फरक टिकू शकतो? विहिरीच्या रहाटाला दोर गुंडाळलेला असताना एका हाताने बादली धरून ठेवता येते, त्याच नियमाने. दोन ताणांचं गुणोत्तर जास्तीत जास्त ‘ई’चा घात म्यू गुणिले थीटा, म्यू घर्षणाचा गुणांक, थीटा वळणाचा कोन. ऑयलरच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं. कोन १० अंश आणि म्यू ०.२ धरला तर ताणात साडेतीन टक्के फरक राहू शकतो, म्हणजे सुरात ३० सेंट. म्यू निम्मा केला तर १५. ही वरची मर्यादा आहे, प्रत्येक वेळी एवढं होतं असं नाही. पण खटकायला पाच-सहा पुरतात हे वर आलंच आहे.

आणि एक मजा बघा. आपण सूर लावताना पेग पिळतो, म्हणजे तार पेगकडे ओढतो. तेव्हाच पेगच्या बाजूचा ताण वाजणाऱ्या बाजूपेक्षा जास्त होऊन बसतो. सूर बरोबर लागला म्हणून आपण खूश, पण तार घर्षणाच्या एका टोकाला अडकून उभी आहे. पेग पिळताना कधी कधी ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो. ते अडकून सुटणं आहे. आवाज फुकटात मिळालेला पुरावा असतो.

आता जाणकारांच्या सल्ल्यांकडे येतो, कारण खरी टीका मला त्यांच्यावर करायची आहे. चुलतभावाला मिळालेले सल्ले: नव्या तारा हाताने ताणून घे. नटच्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घास. पेगवर वेढे कमी ठेव. लॉक होणारे पेग घे. ब्रिजचे स्क्रू बघ. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. ग्रॅफाइट खरोखर घर्षण कमी करतं, नवी तार वेढ्यांवर खरोखर बसत जाते. अडचण अशी की कोणता सल्ला कधी लागू, हे ओळखायची खूण कोणीच देत नाही. मग माणूस सगळं करतो, आणि सुधारलं तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही, नाही सुधारलं तर अजून पैसे घालतो. पेग तर मला सगळ्यात कमी संशयास्पद वाटत होते. गिटारच्या पेगात वर्म गिअर असतो. किल्ली फिरवली की दांडा फिरतो, पण दांड्याला तारेने ओढलं म्हणून किल्ली उलटी फिरत नाही. तंबोऱ्याची लाकडी खुंटी सरकते, ती निव्वळ घर्षणावर उभी असते. ‘पेग सैल होतात’ ही समजूत बहुतेक तिथून उचललेली असावी.

तंबोऱ्याचं निघालं म्हणून थोडं आडवळण. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय मिळालं. तिथला तंबोरा पाहिलात तर घोडीच्या मागे तारेत ओवलेला मणी दिसेल. खुंटीने सूर जवळ आणायचा आणि मणी सरकवून नेमका करायचा, म्हणजे खरखरीत आणि बारीक अशी दोन वेगळी साधनं. याच तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीवर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये कलकत्त्याहून मोजक्या पानांचा पेपर काढला. नियमाप्रमाणे तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशाचा निश्चल बिंदू येतो तो स्वरांश ऐकू यायला नको. तंबोऱ्यात तो येतो. रामननी विचारलं, का? आणि बोट ठेवलं पसरट घोडीवर. त्या पेपरची लांबी बघा आणि आपल्या थिसिसच्या पहिल्या प्रकरणाची बघा. असो.

मूळ मुद्दा. तीन संशयित आहेत: पेगवरचे वेढे, नट, आणि ब्रिजची धार. शेवटच्याबद्दल थोडं. लिओ फेंडरने १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये ब्रिज सहा स्क्रूंवर तोलून मागे स्प्रिंगा लावल्या. पेटंट १९५६ मध्ये मिळालं. त्याने त्याला ट्रेमोलो म्हटलं. ट्रेमोलो म्हणजे खरं तर आवाजाच्या जोराची चढउतार. सुराची चढउतार ती व्हायब्रॅटो. नाव चुकलं ते सत्तर वर्षं चुकलेलंच आहे. तर हा ब्रिज स्क्रूंवर एका धारेवर झुलतो, आणि तिथे घर्षण असेल तर तोही पूर्ण परत येणार नाही.

तिन्ही संशयित ‘गिटार बेसूर होते’ हे सांगतात. म्हणजे या वाक्याने कोणीच पकडला जात नाही. जिथे तिघांची भाकितं वेगळी होतात ती जागा शोधायला हवी. मी कागदावर बसून काढलं ते असं.

वेढे सरकत असतील तर तार सैलच होणार. दांडी दाबा की ओढा, सूर दोन्ही वेळा उतरलेला मिळेल. नट अडकत असेल तर दांडी दाबल्यावर वाजणारा भाग सैल पडतो, पेगकडचा भाग जास्त ताणलेला राहतो आणि तार आपल्याकडे खेचून घेतो. दांडी सोडल्यावर ती तेवढी तार परत देत नाही. वाजणाऱ्या भागात तार कमी पडली, म्हणून सूर चढलेला. दांडी वर ओढली तर बरोबर उलट, सूर उतरलेला. आणि प्रत्येक तारेचा आकडा वेगळा, कारण प्रत्येक खाच वेगळी. ब्रिजची धार अडकत असेल तर दाबल्यानंतर ब्रिज पुढे कललेलाच राहतो, म्हणजे सूर उतरलेला. ओढल्यानंतर चढलेला. नटच्या नेमकं विरुद्ध, आणि सगळ्या तारा एकाच दिशेने.

बघा, नवीन काही विकत न घेता, फक्त चिन्ह बघून तिघांना वेगळं करता येतं. हे मला फार आवडलं. इतकं आवडलं की तिथेच माझी गाडी घसरली.

दुपारी बाराला आम्ही बसलो. कूलरसमोर, कारण बाहेर पारा ४३ च्या पुढे. मोबाइलवर ट्यूनरचं ॲप, माझ्या हातात वही. पेग, तारा सगळं लावून घेतलं. दांडी दहा वेळा दाबायची, सहाही तारा वाचायच्या. पहिल्या दोन फेऱ्या झाल्या आणि लाइट गेली. कूलर बंद. आम्ही मोजत राहिलो, मोबाइलला चार्जिंग होतं. आणि आकडे सुंदर येऊ लागले: सहाही तारा उतरलेल्या, सगळ्या एका दिशेने, प्रत्येक फेरीला थोड्या अजून. दाबल्यावर सगळ्या उतरल्या म्हणजे ब्रिजची धार! मी वहीत अधोरेखित केलं. चुलतभाऊ स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला.

त्याला थांबवलं ते माझ्या हुशारीने नाही, माझ्या जुन्या जखमेने.

दुसऱ्या वर्षी मी अमोनियाच्या सेन्सरचं काम पाठवलं होतं. फिल्मचा रोध वायू सोडल्यावर बदलतो, वायू काढल्यावर परत येतो. माझा पूर्ण येत नव्हता, थोडा मागे राहायचा. मी त्यावर दीड पान लिहिलं, पृष्ठभागावर रेणू कायमचे चिकटतात वगैरे. आकृती काढली. परीक्षकाने एका ओळीत विचारलं, ‘वायू न सोडता तेवढाच वेळ ठेवलं तर बेसलाइन स्थिर राहते का?’ मी तो रन घेतलाच नव्हता. घेतला तेव्हा दिसलं की वायू नसतानाही बेसलाइन तशीच सरकते, खोलीच्या तापमानाबरोबर. सात महिन्यांचे रन पुन्हा घेतले. दीड पान गेलं, आकृती गेली. गाइड काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

म्हणून मी म्हटलं, थांब, दांडीला हात लावू नको. अर्धा तास गिटार तशीच खाटेवर ठेव. अर्ध्या तासाने वाचलं. सहाही तारा अजून उतरलेल्या. दांडीला कोणी हात लावलेला नसताना.

हिशेब करायला हवा होता तो आता केला. तापलं की पोलाद प्रसरण पावतं, दर अंशाला लाखात सव्वा भाग. लाकडाची मान लांबीच्या दिशेने त्याहून बरीच कमी वाढते, शिवाय पातळ तार लगेच तापते आणि लाकूड मागून. ब्रिज पक्का असेल तर पहिल्या तारेचा सूर दर अंशाला एक ते दीड सेंट उतरतो. झुलत्या ब्रिजमध्ये स्प्रिंगा मागे ओढून काही भाग भरून काढतात, सगळा नाही. कूलरसमोरून बंद खोलीत सात-आठ अंशांचा फरक आमच्याकडे सहज पडतो. म्हणजे लाइट गेली, आणि ती नेमकी तिसऱ्या संशयितासारखी दिसली. खोटा पुरावा खऱ्यासारखा दिसतो तेव्हाच तो धोक्याचा असतो. कोणत्याही दुसऱ्या चिन्हाने आला असता तर मी त्याला लगेच ओळखलं असतं.

त्या सगळ्या फेऱ्या रद्द. चुलतभाऊ वैतागला. ‘काऊन बे दादा, एवढ्या रीडिंग घेतल्या ना!’ मी त्याला सात महिन्यांची गोष्ट सांगितली नाही.

रात्री दहानंतर, लाइट आल्यावर पण कूलर मुद्दाम बंद ठेवून, घामाच्या धारांत पुन्हा केलं. या वेळी प्रत्येक फेरीआधी दांडीला हात न लावता एक वाचन, मग दाबून एक, मग पुन्हा सूर लावून, ओढून एक. आता चित्र वेगळं. न हात लावता तारा जवळपास स्थिर. दाबल्यावर तिसरी तार ठळक चढलेली, आठ-दहा सेंट. चौथी थोडी. बाकीच्यांत ॲपच्या एका-दोन सेंटांच्या थरथरीपलीकडे काही नाही. ओढल्यावर तिसरी उतरलेली. तिसऱ्या तारेच्या खाचेत नट अडकत होता. तार नटमागे बोटाने किंचित दाबून सोडली की ‘टिंग’ होऊन सूर जागेवर. या दाबण्याने नटवर अडकलेली तार सुटते, दुसऱ्या दोन संशयितांचं त्याने काही व्हायला नको.

इथे फ्लॉइड रोज आठवतो. त्याच्या नावाचं पेटंट १९७९ चं. त्याने घर्षण कमी करायच्या भानगडीतच पडायचं सोडलं आणि नटवर तारा स्क्रूने आवळून टाकल्या. पेगकडचा भाग खेळातूनच बाद. देवाणघेवाण करायला तार उरलीच नाही. सगळे जण म्यू कमी करत असताना हा म्हणाला, म्यू अनंत करा. पण ब्रिजची धार आणि वैशाखातलं ऊन त्यालाही चुकलेलं नाही.

आम्ही एवढं केलं नाही. बारीक पॉलिश पेपर घडी करून खाच हळूच घासली, शिसं भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं तर तिसरी तार तीन-चार सेंटांवर आलेली. शून्य नाही. काका शेतावरून आले, गिटार चालू ऐकून दारातच उभे राहिले. म्हणाले, ‘दुरुस्त झाली का बे?’ ‘हो बाबा.’ ‘किती लागले?’ ‘काहीच नाई.’ दीड हजारांचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

आता माझ्याच पोस्टचं परीक्षण करा. एकच गिटार, एकच रात्र, मोबाइलचं ॲप, आणि मोजणाऱ्याला काय सापडायला हवं हे आधीच माहीत. वाचन घेणारा मी आणि दांडी दाबणारा तो, दोघांनाही नट सापडायला हवा होता. खाच घासणं आणि शिसं भरणं मी एकदम केलं, त्यामुळे कशाने फरक पडला ते मला सांगता येत नाही, आणि हीच टीका मी वर जाणकारांवर केली होती. शिवाय पेग निर्दोष असं मी म्हटलं ते वर्म गिअरच्या भरवशावर आणि ‘नवे टाकले तरी तेच’ या चुलतभावाच्या आठवणीवर. आठवण म्हणजे मोजमाप नाही. जुने पेग त्याने टाकलेले नाहीत, ते डब्यात आहेत. दिवाळीला घरी गेलो की ते परत बसवायचे, नटला हात लावायचा नाही, पंखा-कूलर बंद ठेवायचा आणि पुन्हा दहा-दहा फेऱ्या घ्यायच्या.